दहापैकी किती?

पहिली फेरी संपली आणि माझी गुणपत्रिका माझ्याकडेच परत आली.

१४ जणी, प्रत्येकीसमोर चार रकाने, आणि जवळजवळ प्रत्येक रकान्यात ९. मधेच कुठेतरी साडेआठ, एक-दोन ठिकाणी साडेनऊ. मुख्य परीक्षक असलेल्या ताईंनी तो कागद टेबलावरून माझ्यापुढे सरकवला. साठीच्या ताई, लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पायांना कॅलिपर, कुबड्या खुर्चीच्या पाठीला टेकवून ठेवलेल्या. आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या, "ह्यावरून मला सांगा, सगळ्यांत चांगली कोण बोलली?"

मी कागदाकडे बघितलं. सांगता येईना.

"मग इतका वेळ तुम्ही बघत काय होतात?"

दिव्यांग मुली आणि स्त्रियांच्या सौंदर्यस्पर्धेला परीक्षक म्हणून मी पहिल्यांदाच बसले होते. परीक्षणाचं काम मात्र मला नवं नाही. गेली वीस-बावीस वर्षं मी वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून जाते आणि तिथे माझी ओळख कडक बाई अशीच आहे. पाठांतर वाजायला लागलं की मी पेन खाली ठेवते. दहापैकी चार द्यायला माझा हात कचरत नाही, आणि चार का दिले ते त्या मुलाला बोलावून सांगायलाही मी कचरत नाही. मग त्या दिवशी नवांची अशी रांग कशी लागली?

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. विंगेतून एकेक जण यायची, मंचाच्या मधोमध आखलेल्या खुणेपर्यंत पोचायची, आणि तोवर माझा गळा दाटून आलेला असायचा. तिने तोंड उघडण्याआधीच माझे गुण देऊन झालेले असायचे. तिचं उत्तर कसं होतं, आवाज कुठे पडला, प्रश्न तिला कळला होता का, ह्यातलं काही मी टिपलंच नव्हतं. ती आली, एवढ्यालाच मी ९ देऊन मोकळी झाले होते.

ताईंनी कोरी गुणपत्रिका दिली आणि पुढची फेरी सुरू करायला सांगितली.

खरं तर हे निमंत्रण मी आधी नाकारलं होतं. सौंदर्यस्पर्धा हा प्रकारच मला पटत नाही. बायकांना रांगेत उभं करायचं आणि त्यांच्या चालण्याला, हसण्याला आकडे लावायचे, ह्यात मला कायम बाजाराचा वास आला आहे. फोनवर मी ताईंना तेच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला ह्याचा कंटाळा येण्याइतका अनुभव तरी मिळाला. आमच्याकडे लोक दोनच तऱ्हांनी बघतात. एक तर टक लावून, नाहीतर नजर चुकवून. छान दिसतेय म्हणून कुणी बघेल, हे कुणाच्या मनातच येत नाही. मी सोळा वर्षांची होते तेव्हा माझ्या मैत्रिणींच्या आया त्यांना बजावायच्या, मुलांपासून जपून राहा. मला कुणी कधी बजावलं नाही."

ह्या शेवटच्या वाक्यापुढे माझा मुद्दा टिकला नाही. सौंदर्यस्पर्धांबद्दलचं माझं मत आजही फारसं बदललेलं नाही, पण ज्या दारातून आपल्याला कायम आत बोलावलं गेलं, त्या दाराकडे पाठ फिरवणं सोपं असतं, एवढं मला तेव्हा उमगलं. मी हो म्हटलं.

जाण्याआधी थोडं वाचलं. अशा स्पर्धा काही कालपरवाच्या नाहीत. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात १९७२ मध्ये फिलिप वूड नावाच्या एका डॉक्टरांनी 'मिस व्हीलचेअर अमेरिका' सुरू केली. तिथे दिसण्याला गुणच नाहीत. बाई काय करते, काय म्हणते आणि इतरांची बाजू किती ठामपणे मांडते, ह्यावर निवड होते. इलिनॉयमधल्या केवानी ह्या छोट्या गावात ॲबी करन ह्या तरुणीने २००४ मध्ये दिव्यांग मुलींसाठी स्पर्धा सुरू केली. तिला स्वतःला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूमुळे हालचालींवर नीट ताबा न राहण्याचं दुखणं, आहे, आणि पुढे २००८ मध्ये ती 'मिस आयोवा यूएसए' होऊन 'मिस यूएसए'च्या मंचावर गेली. २०१७ मध्ये वॉर्सात पहिली 'मिस व्हीलचेअर वर्ल्ड' झाली. १९ देशांतल्या २४ जणी त्यात होत्या आणि मुकुट बेलारूसच्या अलेक्सांद्रा चिचिकोवाला मिळाला.

आणि एक स्पर्धा अशी होती की ती वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होते. २००८ मध्ये अंगोलात, भूसुरुंगांनी पाय गमावलेल्या स्त्रियांची. मॉर्टन ट्राविक ह्या नॉर्वेच्या कलावंताने ती भरवली होती, आणि विजेतीचं बक्षीस होतं कृत्रिम पाय. पुढच्या वर्षी तीच स्पर्धा कंबोडियात व्हायची होती. दिव्यांगांच्या प्रतिष्ठेला धक्का बसतो असं म्हणत तिथल्या सरकारने परवानगी काढून घेतली. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. पाय ही जिंकून मिळवायची वस्तू नव्हे, हे मला ठाम वाटतं. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांचा जो करार केला, त्याच्या २० व्या कलमात चालण्याफिरण्याची साधनं परवडतील अशी मिळावीत हे सरकारांवर घातलेलं बंधन आहे. ते पुरं झालं असतं तर कुणाला पायासाठी मुकुट घालावा लागला नसता. पण म्हणून ज्या बाया हौसेने तयार झाल्या होत्या, त्यांना "तुमची प्रतिष्ठा आम्ही जपतो, तुम्ही घरी बसा" असं सांगणं हेही मला तितकंच खुपलं. त्यांचा मान कशात आहे ते त्यांना विचारायला नको?

असा सगळा गुंता डोक्यात घेऊन मी आदल्या दिवशी सरावाला पोचले, आणि पहिला धडा सुताराकडून मिळाला. मंचाला दोन्ही अंगांनी लाकडी उतार लावायचं काम चाललं होतं. आपण मराठीत रॅम्प हा शब्द दोन्हींसाठी वापरतो. मॉडेल चालतात तो रॅम्प आणि व्हीलचेअर चढते तोही रॅम्प. इतकी वर्षं हा शब्द वापरूनही ही गंमत माझ्या लक्षात आली नव्हती. तिथे ते दोन्ही एकच होते. सुतार सांगत होता, एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबीचा उतार लागतो. त्याहून आखूड केला तर खुर्ची मागे घसरते, नाहीतर कुणीतरी मागून ढकलावी लागते. मंच अडीच फूट उंच होता. म्हणजे तीस फूट लाकूड, मधे एक सपाट टप्पा, दोन्ही बाजूंना. "मंचच खाली घ्या ना," एक स्पर्धक म्हणाली, "तेवढं लाकूड वाचेल." आयोजकांनी खरंच मंच एक फुटावर आणला. मागच्या रांगांना दिसणार नाही अशी कुरकुर झाली, तेव्हा मागच्या खुर्च्या लाकडी फळ्यांवर चढवल्या.

त्या सरावात मी वही भरून टिपणं काढली. त्यातली बरीचशी कपड्यांबद्दलची आहेत. बसून घालायचा पायघोळ झगा उभ्या मापाने शिवला तर पुढे तोकडा पडतो आणि मागे त्याचा बोळा होतो. शिवाय घेर व्हीलचेअरच्या पुढच्या छोट्या चाकांत जातो आणि खुर्ची जागीच अडते. म्हणून बसून माप घ्यायचं, मागची लांबी कमी ठेवायची, घेर मांडीपाशी आवरता येईल असा बंद आतून लावायचा. हे मी कदाचित थोड्या विचाराने ओळखलं असतं. पण एका स्पर्धकाच्या बहिणीने झग्याच्या मागच्या बाजूचे सगळे मणी उसवून काढले होते, त्याचं कारण मला विचारावं लागलं. तिच्या बहिणीच्या मणक्याला दुखापत झालेली, कमरेखाली संवेदना नाही. मणी, टिकल्या, जाड शिवण, काहीही त्वचेला रुतलं तरी तिला कळत नाही. दोन-तीन तास तसंच बसून राहिलं तर जखम होते, आणि ती जखम भरून यायला महिने जातात. ती बहीण उसवलेले मणी एका डबीत भरत होती. पुढे, गळ्याशी लावायला.

अंध स्पर्धकासाठी मंचावर जाड सुतळी आखून वरून चिकटपट्टी मारली होती. ती चपला काढून त्या रेषेवरून दोनदा चालली, वळायच्या जागी पायाने चाचपलं, पावलं मोजली आणि म्हणाली, "इथे अजून एक आडवी पट्टी हवी, म्हणजे थांबायचं कुठे ते कळेल." पट्टी आली. दुसऱ्या दिवशी ती चालत आली तेव्हा मागे बसलेल्या एका गृहस्थांनी शेजाऱ्याला विचारलेलं मी ऐकलं, "हिला खरंच दिसत नाही का?" ते कौतुकानेच म्हणत असावेत. पण त्या प्रश्नाचा सूर मला नंतर बरेच दिवस ऐकू येत राहिला, कारण पुरेशी दिव्यांग आहेस का, हेही आपण तपासत असतो.

२००५ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये एका शिक्षिकेला राज्याचा व्हीलचेअर किताब मिळाला होता. तिला स्नायूंचा आजार होता, बाहेर वावरताना ती चाकांवर असायची, वर्गात मात्र थोडा वेळ उभी राहू शकायची. वर्तमानपत्रात तिचा वर्गात उभी असलेला फोटो आला आणि किताब काढून घेतला गेला. नियमात बसत नव्हतं. हिदर व्हाइटस्टोनचंही तसंच काहीसं. दीड वर्षाची असताना बहिरेपण आलेली ही मुलगी सप्टेंबर १९९४ मध्ये 'मिस अमेरिका' झाली. तो मान मिळालेली ती पहिली दिव्यांग स्त्री. विजेतीचं नाव पुकारलं ते तिला ऐकूच आलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या उपविजेतीने बोट दाखवून सांगितलं, तू, तूच. सगळं जग तिच्यावर खूश झालं, पण कर्णबधिरांपैकीच अनेकांनी नाराजी व्यक्त केली, कारण ती हातांनी बोलण्याऐवजी तोंडाने बोलत होती. जास्त बरी दिसलीस तर तू आमच्यातली नाहीस, आणि तेवढी बरी नसतीस तर मंचावर पोचलीच नसतीस. ह्या बारीकशा फटीतून बाईने चालायचं कसं?

स्पर्धेच्या दिवसाकडे परत येते. गुणपत्रिकेच्या प्रसंगानंतर मी खुर्ची पुढे ओढून बसले आणि ठरवलं की आता फक्त बघायचं.

बघणं किती अवघड आहे ते पुढच्या तासाभरात कळलं. एक कर्णबधिर तरुणी आली, साधारण पंचविशीतली. ती खुणांच्या भाषेत उत्तर देत होती आणि बाजूला उभी असलेली दुभाषी आम्हाला ते मराठीत सांगत होती. मी साहजिकच दुभाषीकडे बघत होते, कारण आवाज तिकडून येत होता. आणि मग सभागृहाच्या डाव्या बाजूच्या दोन रांगा एकदम हसल्या. आम्ही बाकीचे तीन सेकंदांनी हसलो. त्या दोन रांगांत तिचे कर्णबधिर मित्रमैत्रिणी बसले होते. विनोद त्यांना थेट पोचला होता, आम्हाला तो वळसा घालून आला. त्यानंतर मी दुभाषीकडे बघणं सोडलं. कान तिच्याकडे ठेवले आणि डोळे त्या मुलीच्या हातांवर. तिचा चेहरा विलक्षण बोलका होता. भुवया वर जायच्या, गाल फुगायचे, मान किंचित पुढे यायची. मी 'मंचावरचा वावर' ह्या रकान्यात १० लिहिले. माझ्या शेजारचे परीक्षक कर्णबधिर मुलांना शिकवतात. त्यांनी माझा आकडा पाहून हळूच सांगितलं, "भुवया वर नेल्या ना, ते प्रश्नचिन्ह होतं. ते व्याकरण आहे, अभिनय नाही." मग त्यांच्या मते तिने उत्तम काय केलं होतं? तिने एकाच प्रसंगातली दोन माणसं खांद्याच्या नुसत्या वळणाने वेगळी उभी केली होती. ते मी बघितलंच नव्हतं. गुण तेवढेच राहिले, पण आता ते कशाचे आहेत हे मला माहीत होतं.

आणि मग ७ नंबर.

अकरा वर्षांची मुलगी, सेरेब्रल पाल्सी, हाताने चालवायची व्हीलचेअर, केसांत दोन लाल क्लिपा. ह्या दुखण्यात मेंदूकडून स्नायूंना जाणारा हुकूम वाटेत अडखळतो. म्हणून विचारही अडखळतोच असं मुळीच नाही, पण ऐकणाऱ्याला तसं वाटतं. प्रश्न मीच विचारायचा होता. तुला मोठेपणी काय करायला आवडेल, असा सोपा प्रश्न माझ्या चिठ्ठीवर होता.

तिने माईककडे तोंड नेलं. "म-ला," मग मोठा श्वास. मान एका बाजूला गेली, ती तिने परत मधे आणली. "म-ला शि... शि..."

सभागृह गप्प होतं. तिच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या. "शि..." आणखी एकदा. मला ते बघवेना. मी हसून, अगदी प्रेमाने म्हटलं, "शिक्षिका?"

ती थांबली. माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे, पण ज्या नजरेने आपण ओळ मोडून पुढे घुसलेल्या माणसाकडे बघतो तसं. मग तिने मान हलवून नाही म्हटलं, चाकावरचा हात उचलून मांडीवर ठेवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"म-ला शिट्टी... वाजवा-यची आहे." श्वास. "मॅचमध्ये."

तिला पंच व्हायचं होतं. फुटबॉलच्या मैदानात धावणारे, शिट्टी फुंकून खेळ थांबवणारे आणि कोण चुकलं ते सांगणारे पंच. का, असं मी विचारलं आणि ह्या वेळी ओठ घट्ट मिटून वाट पाहिली. पूर्ण उत्तराला दीड मिनिट लागलं. भाऊ आणि त्याचे मित्र खेळताना ती कडेला बसते. तिला सगळे फाउल दिसतात, आणि ते खेळणाऱ्यांना दिसत नाहीत, कारण ते पळत असतात. हे तिचं उत्तर. मी आजवर वक्तृत्वाच्या मंचांवर ऐकलेल्या हजारो उत्तरांत इतकं नेमकं, इतकं स्वतःचं उत्तर फार थोड्या वेळा ऐकलं आहे. आणि मी ते 'शिक्षिका' म्हणून पुसून टाकणार होते.

वेळेवरूनच पुढे आमच्यात वाद झाला. उत्तराला एक मिनिट असा नियम होता. ७ नंबरला तीन मिनिटं लागली. टॅबलेटवर एका बोटाने टाइप करून यंत्राच्या आवाजात बोलणारी आणखी एक स्पर्धक होती, तिला चार. एका परीक्षकांचं म्हणणं, नियम म्हणजे नियम, नाहीतर बाकीच्यांवर अन्याय. मला तो मुद्दा उडवून लावावासा वाटत नाही, कारण सवलत हा शब्द निघाला की तिच्या मागे दया चोरपावलाने येते. पण मिनिट कशासाठी असतं? स्पर्धकाने पाल्हाळ लावू नये म्हणून. ७ नंबरने पाल्हाळ लावलं नव्हतं. तिची चारच वाक्यं होती, पहिली फसलेली सुरुवात सोडून. ताईंनी तोड काढली, वेळ घड्याळाने न मोजता शब्दांनी मोजायचा. सगळ्यांना शंभर शब्दांची मुभा, त्यांना लागेल तेवढ्या वेळात. सगळ्यांना पटलं. हे आधीच ठरवायला हवं होतं, असंही ताई म्हणाल्या आणि स्वतःच्या वहीत लिहून ठेवलं.

राहता राहिली ९ नंबर, जिच्याबद्दल लिहायला मी खरं तर हा लेख घेतला.

सतरा वर्षांची. झग्याच्या मण्यांबद्दल सांगितलं, ती हीच. आदल्या दिवशी सरावात मी तिला पाहिलं होतं तेव्हा ती सगळ्या ग्रीन रूमवर राज्य करत होती. आरसे फार उंच लावलेत म्हणून तिने दोन आरसे खाली उतरवून भिंतीला टेकवून ठेवायला लावले. टेकून ठेवलेल्या आरशात कपाळच दिसतं म्हणून खाली पुस्तकं सारली. एका लहान मुलीला रडू आवरेना, तिला मांडीवर घेऊन हिने खुर्ची गोल गोल फिरवली. मंच खाली घ्या म्हणणारीही हीच. मला मनातून वाटलं होतं, मुकुट हिचाच.

दुसऱ्या दिवशी मंचावर तिला प्रश्न आला, तुझ्या शाळेत एक गोष्ट बदलता आली तर काय बदलशील? तिने डोळे समोरच्या भिंतीवर लावले आणि आवाज लावला. "आदरणीय परीक्षक, अपंगत्व शरीरात नसतं, मनात असतं. माझी व्हीलचेअर ही माझी कमजोरी नाही, माझे पंख आहेत..." नव्वद-शंभर शब्द तरी असतील. स्वर योग्य ठिकाणी चढला, योग्य ठिकाणी कापरा झाला. शाळेचं त्यात नावही नव्हतं. सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी डोळे पुसत होतं.

मी पेन खाली ठेवलं.

ऑस्ट्रेलियाच्या स्टेला यंग व्हीलचेअरवर वावरायच्या, पत्रकार आणि विनोदी कलाकार. २०१४ मध्ये सिडनीच्या एका व्याख्यानात त्यांनी सांगितलेली आठवण आहे. त्या पंधरा वर्षांच्या असताना गावातल्या कुणीतरी त्यांना कर्तृत्वाबद्दल पुरस्कार द्यायचं सुचवलं. आईवडील म्हणाले, छान आहे, पण तिने अजून काही केलेलं नाही. शाळेत जायची, अभ्यास करायची, टीव्ही बघायची. दिव्यांग माणूस दिसला की बाकीच्यांना आपोआप प्रेरणा मिळते, आणि ती प्रेरणा बाकीच्यांसाठीच असते, हे त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्या गेल्या. ९ नंबरचं भाषण ऐकताना मला त्यांचे आईवडील आठवले. किती प्रेमाने त्यांनी मुलीला त्या पुरस्कारापासून वाचवलं!

'आशय' ३. 'उत्स्फूर्तता' २. 'उच्चार आणि स्वर' ८. 'मंचावरचा वावर' ८. लिहिताना हात जड झाला होता, हे कबूल करते. आदल्या दिवशीची ती मुलगी मला माहीत होती. आरसे, पुस्तकं, मांडीवरचं रडकं पोर. त्याचे गुण कुठे लिहू? पण बाकीच्या तेरा जणी आदल्या दिवशी ग्रीन रूममध्ये काय करत होत्या ते मी पाहिलेलं नव्हतं. मंचावर जे झालं त्याचेच गुण द्यायचे, हा नियम मी हुशार, देखण्या, धडधाकट मुलांना इतकी वर्षं लावत आले. तिला वेगळा लावला असता तर त्या नवांच्या रांगेत आणि ह्यात काय फरक राहिला असता?

तीन परीक्षकांची बेरीज झाली. मोठ्या गटात ती पाचवी आली. पहिली आली ती ते दोन माणसांचं बोलणं खांद्याने सांगणारी कर्णबधिर तरुणी. लहान गटात शिट्टीवाली दुसरी आली. तिच्यापेक्षा एक अंध मुलगी खरोखरच अर्ध्या गुणाने सरस होती. शिट्टीवालीने निकाल ऐकला, पहिल्या मुलीकडे बघितलं आणि मान डोलावली, जणू तिच्याही हिशोबात तेच होतं.

सभागृहाला मोठ्या गटाचा निकाल आवडला नाही. ९ नंबरचं नाव पहिल्या तिघींत नाही म्हटल्यावर कुजबुज सुरू झाली, आणि चहाच्या वेळी एका बाईंनी मला गाठून सुनावलं, "तुम्हाला काळीज आहे की नाही?" मी काही बोलले नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं.

सामान आवरत असताना चाकांचा आवाज आला. ९ नंबर. मुकुट नाही, झगा बदललेला, केस वर बांधलेले. मागे तिची आई, हातात झग्याची पिशवी. आई जरा अवघडून उभी होती, "राहू दे गं, चल" असं काहीतरी पुटपुटत.

"मॅडम, मला किती मिळाले? आणि का?"

बावीस वर्षांत हा प्रश्न मला शेकडो मुलांनी विचारला आहे. मी पिशवीतून गुणपत्रिका काढली, खुर्ची ओढून तिच्या उंचीला बसले आणि कागद दोघींच्या मधे धरला. तिने बोट ठेवून एकेक रकाना वाचला. ८ वर काही बोलली नाही. २ वर बोट थांबलं.

"हे कशाचे?"

"उत्स्फूर्ततेचे. प्रश्न शाळेबद्दल होता. तू पाठ केलेलं बोललीस. छान बोललीस, पण मी काय विचारलं होतं ते तू ऐकलंच नाहीस."

ती थोडा वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला शाळेतली प्रयोगशाळेची टेबलं खाली घ्यायला सांगायची होती. मी पाचवीपासून प्रयोग नुसते बघतेय. हात पोचतच नाही."

"मग हे का नाही बोललीस?"

तिने उत्तर दिलं नाही. गुणपत्रिका माझ्या हातातून घेतली, खुर्ची जागच्या जागी वळवली आणि तो कागद आईपुढे धरला.

"बघ," ती आईला म्हणाली. "तरी मी तुला सांगत होते."